घासलं तरी परत येतंय: ड्राय रॉकवरचं हिरवं शेवाळ

आधी लक्षणं जुळतात का बघा. समुद्री माशांचा टँक, आत सगळे ड्राय रॉक, म्हणजे कोरडे विकले जाणारे भोकाभोकाचे दगड. सायकल (माशांची घाण पचवणारे जिवाणू टँकमध्ये वाढवणं) व्यवस्थित पूर्ण झाली, अमोनिया शून्य, मासे खातायत. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात दगडांवर हिरवे केस उगवायला लागतात. वाळूवर फारसे नाहीत, काचेवर तर नाहीतच, दगडावर मात्र दाट. तुम्ही टूथब्रशने घासता, पाइपने ओढून घेता, तीन दिवस लाइट बंद ठेवता, सम्पमध्ये, म्हणजे टँकला जोडलेल्या फिल्टरच्या टाकीत, जीएफओ (फॉस्फेट शोषणारे लोहाचे दाणे) टाकता. टँक लखलखीत होतो. पंधरा-वीस दिवसांत जीएफओ दमतो आणि त्याच दगडावर, त्याच कोपऱ्यात पुन्हा तेच गवत. पाणी तपासावं तर फॉस्फेट, म्हणजे शेवाळाचं खाद्य, ०.०५ पीपीएम, फार तर ०.०८. म्हणजे सगळं ठीकच. मग खाणं निम्मं करायचं, मासे काचेला तोंड लावून बघत बसणार, आणि शेवाळ जसंच्या तसं.

माझ्याकडे हा खेळ सात महिने चालला. शेवटी कारण सापडलं ते शेतावरच्या एका निळ्या कॅनमध्ये. पण तिथे येण्याआधी एक गोष्ट डोक्यात बसवून घ्या, कारण ती कळायला मलाच सहा महिने लागले.

टेस्टमध्ये दिसतं ते शेवाळाने खाऊन उरलेलं फॉस्फेट. महिनाअखेरीला खात्यात उरलेले पैसे बघून कुणाचा पगार ठरवता येत नाही, तसंच हे. दगडातून जे सुटतं ते पाण्यात पसरायच्या आत दगडावरच बसलेलं शेवाळ उचलतं. म्हणून पाणी स्वच्छ आणि दगडावर जंगल, हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

आणि दगडातून सुटतं का? कारण ड्राय रॉक म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. त्याच्या पृष्ठभागाला फॉस्फेट चिकटतं, आणि हे चिकटणं-सुटणं पाण्याशी तोल राखून चालतं. पाण्यात फॉस्फेट वाढलं की दगड घेतो, कमी झालं की सोडतो. पावसाळ्यात भिंतीला ओल आली की आपण वरून पुसतो, पंखा लावतो, दुपारपर्यंत भिंत कोरडी. रात्री परत ओल. जीएफओ, पाणी बदलणं, लाइट बंद ठेवणं, हे सगळं भिंत पुसणं आहे. पाणी गच्चीतून मुरतंय की बाथरूममधून, ते शोधलंच जात नाही.

आता माझी कहाणी.

टँक तीन बाय दीड बाय दीड फुटांचा, नाशिकच्या इंदिरानगरात दुसऱ्या मजल्यावर. मापाने १९१ लिटर, दगड-वाळूची जागा वजा करता पाणी दीडशेच्या आसपास. दोन क्लाउन आणि एक गोबी हे मासे, थोडे झोआ आणि मश्रूम हे मऊ प्रवाळ. लाइव्ह रॉकचा, म्हणजे समुद्रातून जिवंत जिवाणू-जीवांसकट काढलेल्या दगडांचा, विचार सुरुवातीलाच सोडला होता. ओल्या कागदात गुंडाळून मुंबईहून कसारा घाट चढवून आणेपर्यंत त्यातलं निम्मं मरतं, आणि तो माल नक्की कुठून काढला हे कुणी छातीठोकपणे सांगत नाही. आपल्या किनाऱ्यावरचं प्रवाळ उचलणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, प्रवाळ पहिल्या अनुसूचीत येतात. मालवणला फिरायला गेलात आणि किनाऱ्यावर सुंदर भोकाभोकाचा तुकडा दिसला तरी तो तिथेच राहू द्या.

तर मुंबईहून कुरिअरने सोळा-सतरा किलो ड्राय रॉक मागवले. आले तेव्हा काहींच्या खाचांत तपकिरी माती आणि वाळकं काहीतरी अडकलेलं. सगळीकडे सल्ला एकच होता, ॲसिडने धुऊन घ्या. मे महिना होता. माझा मावसभाऊ पिंपळगाव बसवंतकडे द्राक्षबाग करतो, खरड छाटणी उरकून जरा मोकळा होता. म्हटलं, दादा, थोडं ॲसिड मिळेल का? तो म्हणाला, "अरे विकत कशाला आणतो, आपल्याकडं ठिबकचं पडलंय की!"

ठिबकच्या नळ्यांत क्षार साचले की शेतकरी ॲसिड सोडतात. हे मला माहीत होतं, आणि ॲसिड म्हणजे ॲसिड, इतकंच माझं रसायनशास्त्र. शेतावरच, ड्रममध्ये पाणी घेऊन धुलाई केली. झाकण उघडलं तेव्हा धूर निघाला नाही, नाकाला झोंबलं नाही. पाकासारखं जड, बिनरंगी पाणी. दगड सोडले, फेस आला, आणि पाच-सात मिनिटांत बसला. बाहेर काढले तर अंगावर पिठाचा हात फिरवल्यासारखा पांढरा थर. मला वाटलं, व्वा, काय स्वच्छ निघालेत!

तो पांढरा थर म्हणजे कॅल्शियम फॉस्फेट होतं. कॅनमध्ये फॉस्फोरिक ॲसिड होतं, ८५ टक्के. म्हणजे फॉस्फेट काढायला गेलो आणि दगडांना फॉस्फेटचा गिलावा करून घरी आणला. फेस इतक्या लवकर बसला तोही त्यामुळेच, थर चढला की ॲसिड आत पोचत नाही.

हे मला तेव्हा कळलं नाही. जूनमध्ये टँक लावला, अमोनियाने सायकल केली, जुलैअखेर पहिला मासा. ऑगस्टमध्ये तपकिरी डायटम (सूक्ष्म शेवाळ) आले आणि गेले, ते येतातच. सप्टेंबरात हिरवे केस. पुढचं वर सांगितलंच आहे.

मार्चमध्ये वैतागून मी जे केलं ते मुळात पहिल्याच महिन्यात करायला हवं होतं. तुम्ही आज करा. मी त्याला बादली चाचणी म्हणतो.

वीस लिटरची झाकणाची बादली घ्या, नवी. बागेत वापरलेली नको, त्याचं कारण पुढे येईल. त्यात आरओ-डीआयचं (आरओ आणि मग डीआय रेझिनमधून काढून क्षारमुक्त केलेलं) पाणी आणि टँकचं समुद्री मीठ, क्षारता टँकइतकीच, विशिष्ट गुरुत्व १.०२५. फॉस्फेट मोजून लिहून ठेवा, मीठच खराब असेल तर इथेच कळतं. टँकमधला एक संशयित दगड काढा, शेवाळ खरडून टाका, बादलीत सोडा. छोटा पंप, हीटर, आणि झाकण बंद. अंधार महत्त्वाचा, नाहीतर शेवाळ पुन्हा खाऊन टाकेल आणि तुम्हाला परत खोटा आकडा मिळेल. तिसऱ्या दिवशी मोजा, सातव्या दिवशी मोजा. मग सगळं पाणी फेकून नवीन भरा आणि पुन्हा सात दिवस. दुसरा आठवडा सोडू नका. खरडून उरलेलं मेलेलं शेवाळही कुजून फॉस्फेट सोडतं, त्यामुळे पहिल्या आठवड्याच्या आकड्यावर भांडण होऊ शकतं, दुसऱ्याच्या नाही.

माझे आकडे: सुरुवातीला ०.०१. तिसऱ्या दिवशी ०.४१. सातव्या दिवशी मशीन ०.९० वर लुकलुकायला लागलं, म्हणजे त्याच्या पट्टीबाहेर. एक भाग नमुना, नऊ भाग आरओ-डीआय असं पातळ करून मोजलं तेव्हा ०.१३, म्हणजे खरा आकडा १.३. पाणी बदललं. आठवड्याने १.१.

इथवर मी समजत होतो की दुकानातून दगडच वाईट आले. पण त्या खेपेतला मुठीएवढा एक तुकडा बसवताना उरला होता आणि धुलाईलाही गेला नव्हता. चपलांच्या रॅकवर बिलांवर ठेवायला वापरत होतो. सहज म्हणून दुसऱ्या बादलीत तो टाकला. दगड लहान म्हणून पाणीही त्याच बेताने कमी घेतलं. आठवड्याने ०.०६.

तो आकडा बघून मी बराच वेळ बादलीजवळ बसून राहिलो. खेप तीच, कुरिअर तेच, फरक एकच, शेतावरची धुलाई. दादाला फोन केला तर तिकडे माल काढणीची गडबड. म्हणाला, "कॅनवर काय लिहिलंय ते बघून सांगतो." संध्याकाळी फोटो आला. वर त्याचं समर्थनही, "ह्यात फॉस्फरस असतो, नळीपण साफ होते आणि वेलीलापण मिळतो." द्राक्षाला वरदान, माझ्या टँकला शाप. चूक त्याची नव्हती, मी विचारलंच नव्हतं.

तुमच्याकडे कारण बहुधा वेगळं असेल. फॉस्फोरिक ॲसिडचा पराक्रम सगळेच करत नाहीत. पण बादलीत आकडा दुसऱ्या आठवड्यातही चढला तर दगडात फॉस्फेट आहे हे पक्कं. सगळ्यात जास्त बघितलेलं कारण म्हणजे मोडलेल्या टँकचे स्वस्तात घेतलेले दगड. त्या माणसाने टँक का मोडला याचा विचार करा! वर्षभर तो दगड जास्त फॉस्फेटच्या पाण्यात होता, त्याने ते पिऊन ठेवलंय. दुसरं, लाइव्ह रॉक न धुता वाळवून ड्राय म्हणून विकलेला, आतले जीव आतच सुकलेले. असा दगड भिजवला की पहिल्या दोन दिवसांत वास येतो. बोंबील वाळत घातल्यावर येतो तसा नाही, त्याच्या पुढचा.

बादलीत आकडा चढलाच नाही तर दगड निर्दोष. मग पाण्याकडे बघा, आणि आपल्याकडे पहिला संशय घरच्या आरओवर. पिण्याच्या आरओ मशीनमध्ये टीडीएस कंट्रोलर नावाचा छोटा स्क्रू असतो. पाण्याला चव यावी म्हणून तो मेम्ब्रेन टाळून थोडं पाणी तसंच पुढे सोडतो. म्हणजे "मी आरओचं पाणी वापरतो" म्हणणाऱ्याच्या टँकमध्ये रोज थोडं नळाचं पाणी जात असतं. मशीनच्या तोंडाला टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) लावा. पन्नास-साठ दाखवत असेल तर तो स्क्रू बंद करा, किंवा टँकसाठी वेगळी लाइन काढून पुढे डीआय रेझिन जोडा. शेवटी शून्य दिसलं पाहिजे. शून्य दिसूनही तपकिरी डायटम परत परत येत असतील तर रेझिन संपत आलंय. सिलिकेट त्यातून सगळ्यात आधी निसटतं आणि टीडीएस मीटरला ते जवळजवळ दिसतच नाही. पावसाळ्यात गंगापूर धरणातून गढूळ पाणी येतं तेव्हा आरओच्या आधीचा सेडिमेंट फिल्टर किती लवकर काळा पडतो ते बघा आणि त्या काळात तो आधीच बदला.

आकडा वाचण्यातही गफलत होते. हॅना कंपनीच्या एका मोजायच्या मशीनवर फॉस्फरस पीपीबीमध्ये दिसतो, फॉस्फेट पीपीएममध्ये नाही. त्याला ३.०६६ ने गुणून हजाराने भागायचं. ६५ दिसले म्हणजे ०.०६५ नव्हे, ०.२. एका मित्राने वर्षभर हा गुणाकारच केला नव्हता.

शेतीशी संबंध असलेल्यांसाठी अजून एक, आणि हे नाशिकबाहेरच्या कुणाला सुचणार नाही. बागेतली बादली, ड्रम, पाइप, मग, काहीही टँकच्या कामाला घेऊ नका. ०:५२:३४ खत विरघळवलेला ड्रम म्हणजे फॉस्फेटचं भांडार. आणि बोर्डो मिश्रण कालवलेली बादली त्याहून वाईट, कारण मोरचुदातलं तांबं. गोगलगायी, कोळंबी, प्रवाळ यांना तांब्याचा लवलेशही सोसत नाही. तांबं दगडातही मुरतं आणि नंतर सुटत राहतं. फॉस्फेट लागलेला दगड वाचवता येतो. तांबं लागलेला दगड मी तरी बागेच्या बांधावर ठेवीन.

आता उपाय. सोपं आधी सांगतो: फॉस्फेट थोडंच सुटत असेल, दुसऱ्या आठवड्यात ०.२ च्या आत, तर दगड टँकमधून काढायची गरज नाही. जीएफओ कमी प्रमाणात ठेवा पण ठरल्या दिवशी बदला, दमेपर्यंत वाट बघू नका. ट्रोकस किंवा टर्बो गोगलगायी वाढवा, शेवाळ हाताने उपटत राहा. उपटलेलं शेवाळ म्हणजे टँकबाहेर गेलेलं फॉस्फेट, त्यामुळे ते पाण्यातच ब्रशने उडवून देऊ नका, पाइप धरून ओढून घ्या. चार-सहा महिन्यांत दगड रिकामा होतो. कंटाळवाणं आहे, पण होतं.

माझ्यासारखा आकडा असेल तर दगड बाहेर काढावे लागतात. सगळे एकदम नाही. दगडांवरच तुमचे जिवाणू बसलेत, सगळे धुतले तर माशांसकट सायकल पुन्हा शून्यापासून. मी निम्मे काढले, महिन्याने उरलेले निम्मे.

झोआ असलेले दगड हातमोजे आणि चश्मा घालूनच हाताळा. काही झोआ आणि पॅलीथोआंमध्ये पॅलीटॉक्सिन हे जबरदस्त विष असतं. आणि कुणी कितीही सांगो, दगड स्वच्छ करायला उकळू नका. त्या वाफेतून हे विष श्वासात जातं. घरच्या गॅसवर, स्वयंपाकघरात, पोरंबाळं असताना, विचारच नको.

ॲसिड हवं ते हायड्रोक्लोरिक. २०१३ मधल्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर किरकोळ विक्रीत दुकानदाराला ओळखपत्र बघून नोंद ठेवावी लागते, तेव्हा आधार कार्ड घेऊनच जा. हे ॲसिड ओळखू येतं. बूच उघडलं की धूर आणि नाकात सणक. काम उघड्या गच्चीवर, वारा पाठीशी घेऊन, रबरी हातमोजे, चश्मा, पायात बूट. जवळ लोखंडी काही नको, गंजतं. प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये आधी दहा भाग पाणी, त्यात एक भाग ॲसिड. उलट कधीही नाही, ॲसिडवर पाणी ओतलं की उसळून अंगावर येतं. आणि आदल्या दिवशी त्याच ड्रममध्ये ब्लीच वापरलं असेल तर आज ॲसिड नको. दोन्ही मिळाले की क्लोरीन वायू. ब्लीच करायचंच असेल तर ते आधी, मग धुऊन आठवडाभर कडक उन्हात, वास पूर्ण गेल्यावर ॲसिड.

किती झिजतं याचा अंदाज देतो. तीस टक्क्यांचं एक लिटर ॲसिड पूर्ण संपलं तर साधारण अर्धा किलोपेक्षा जरा कमी दगड विरघळतो. आठ किलो दगडांना दोन लिटर वापरलं तर नऊशे-साडेनऊशे ग्रॅम गेला समजा. वरची कातडी निघते, आणि सगळ्यात जास्त फॉस्फेट तिथेच असतं.

पुढची पायरी बहुतेक जण चुकतात. फेस थांबला की तिथेच ड्रममध्ये खायचा सोडा ओततात, दगडांसकट. तसं केलं की पाण्यात विरघळलेलं फॉस्फेट पुन्हा कॅल्शियमला धरून खाली बसतं, दगडावर. म्हणजे एवढं करून आपण जागच्या जागी. सोडा टाकायच्या आधी, पाणी अजून आम्ल असतानाच दगड बाहेर काढा, भरपूर पाण्याने धुवा, मग उरलेल्या ॲसिडमध्ये सोडा टाकून ते मारा. फेस यायचा पूर्ण थांबला की बाथरूमच्या मोरीत, वरून पाणी सोडत. नाल्यात नाही, झाडांना तर नाहीच.

मी ताजं ॲसिड घेऊन हे दोनदा केलं. दुसऱ्या खेपेला फेस जोरात आणि शेवटपर्यंत आला, तेव्हा कळलं पांढरा थर गेलाय आणि खरा दगड लागलाय. मग दोन दिवस साध्या पाण्यात, एक दिवस आरओच्या पाण्यात, आणि पुन्हा बादली चाचणी. पहिला आठवडा ०.१२, दुसरा ०.०७. एवढं मला चाललं.

तुमचे दगड सिमेंटचे, कारखान्यात घडवलेले असतील तर ॲसिड नको, सिमेंटच खाल्लं जाईल. त्यांना बादलीतच लॅन्थॅनम क्लोराइड थेंब थेंब द्या. फॉस्फेट पांढऱ्या गाळासारखं खाली बसतं, पाणी बदला, पुन्हा मोजा, पुन्हा द्या. हे टँकमध्ये सरळ ओतू नका. गाळ माशांच्या कल्ल्यांत अडकतो आणि क्षारीयताही खाली ओढली जाते.

दगड परत लावताना मी रचनाच बदलली, कारण शेवाळाचं निम्मं पाप तिचंही होतं. आधी मागच्या काचेला टेकवून वीटकाम केल्यासारखी भिंत उभी केली होती. दिसायला भरगच्च, पण मागे हात जात नाही आणि पाणीही जात नाही. काढताना मागून जो गाळ निघाला तो अर्धी बादली भरला. माशांची घाण, खाण्याचे तुकडे, सगळं तिथे कुजून फॉस्फेट सोडत होतं. आता दोन बेटं केलीत, एक मोठं, एक छोटं, मध्ये वाट. चारही काचांपासून चार-चार बोटं मोकळं, काच पुसायचा मॅग्नेट फिरतो. खालचे दगड वाळूवर नाही, सरळ काचेच्या तळावर तीन ठिकाणी टेकवून ठेवलेत, वाळू नंतर ओतली. गोबी खाली पोखरतो आणि वाळूवर ठेवलेला दगड एका रात्री कलंडतो, हेही अनुभवलंय. कमानीचे दगड ड्रिलने भोक पाडून ॲक्रिलिकच्या सळईवर ओवले. सांध्यात फेविक्विक आणि त्यावर दगडाचाच भुगा. एक चिमूट भुगा टाकला की सर्रकन आवाज येतो, बोटाला चटका लागेल इतकं गरम होतं, आणि दहा सेकंदांत सांधा दगडासारखा. वाफ मात्र डोळ्यांत जाते, तोंड बाजूला ठेवा. बेटं टँकबाहेर टेबलावर जोडा, दोन दिवस बघा, मग आत.

स्थानिक दगडाबद्दल दर वेळी कुणीतरी विचारतं म्हणून सांगतो. आपला काळा दगड म्हणजे बेसाल्ट. पाण्यात विरघळत नाही, पण जड, आणि ड्राय रॉकसारखी आतपर्यंत भोकं नाहीत. पांडवलेणीच्या बाजूने उचलून आणावा असा तर मुळीच नाही. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात बघायला मिळणारे झिओलाइटचे स्फटिक याच काळ्या दगडाच्या पोकळ्यांत तयार होतात. म्हणून काही जण म्हणतात, झिओलाइट अमोनिया शोषतं, मग चांगलंच की. गोड्या पाण्यात ठीक, समुद्राच्या पाण्यात सोडियम इतकं असतं की झिओलाइटला अमोनियासाठी जागाच फारशी उरत नाही. शेतातली चुनखडी व्हिनेगर टाकल्यावर फसफसते खरी, पण ती मातीने भरलेली असते आणि त्या मातीत काय काय फवारलंय ते आपणच फवारलेलं असतं.

धुतलेले दगड आत गेल्यावर पहिले दोन महिने नुसतं मोजा, घाईने काही टाकू नका. इथे लोक उलटी चूक करतात. पोळलेले असतात, म्हणून जीएफओ दुप्पट, खाणं अर्धं, आणि फॉस्फेट-नायट्रेट दोन्ही शून्य. मग येतात डायनो, म्हणजे डायनोफ्लॅजेलेट नावाचे सूक्ष्म जीव. तपकिरी शेंबडासारखे धागे, टोकाला हवेचे बुडबुडे, सकाळी कमी आणि दुपारी जास्त. खात्री करायची असेल तर थोडं बाटलीत घ्या, जोरात हलवा, कॉफीच्या फिल्टर कागदातून गाळा आणि गाळलेलं पाणी लाइटखाली तासभर ठेवा. धागे पुन्हा एकत्र जमून आले तर डायनोच. त्यांच्यापेक्षा हिरवे केस परवडले, हे मी डायनो न येताही सांगतो, कारण कॉलेज रोडवरच्या एका मित्राचा टँक मी बघितलाय. मी फॉस्फेट ०.०५ ते ०.१ आणि नायट्रेट पाचच्या आसपास धरून ठेवतो. लाइट सध्या सहा तास. पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदा, एप्रिलचं ऊन टँकवर पडतं तेव्हा पाणीही तापतं आणि शेवाळाला फुकटचा दिवा मिळतो.

आज दुसऱ्या लॉटला पाच आठवडे झालेत. मोठ्या बेटाच्या डाव्या खांद्यावर दोन-तीन ठिकाणी हिरवं आहे, बोटभर. तो एक दगड धुलाईत सुटला होता, झोआ सोडवायचा धीर झाला नाही. मेडिकलमधून आणलेल्या साठ मिलीच्या सिरिंजने दर रविवारी त्याच्या शेजारच्या खाचा फुंकतो, गाळ उडतो, स्किमर (फेस करून घाण काढणारं यंत्र) उचलतो. बाकीच्या दगडांवर पहिले जांभळे ठिपके दिसायला लागलेत, कोरलाइन नावाच्या कठीण शेवाळाचे. आणि दादाने कॅनवर मार्करने मोठ्या अक्षरात लिहिलंय, "फक्त ठिबक. माशांना नाही."